न गिरवलेल्या रेषा

मुसलमानांच्या कलेविषयी आपल्याकडे दोन मते सर्रास ऐकू येतात. पहिले मत बाहेरचे. इस्लामने चित्र काढायला बंदी घातली, म्हणून बिचाऱ्या कारागिरांनी वेलबुट्टी आणि चांदण्यांच्या जाळ्या काढून आपली हौस भागवली. त्यात हात आहे, चिकाटी आहे, पण विचार नाही. दुसरे मत घरचे. आमच्या पूर्वजांना सगळे आधीच ठाऊक होते. आज युरोप-अमेरिकेतले शास्त्रज्ञ जे शोधून काढतात ते आमच्या इमारतींच्या भिंतींवर पाचशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे. पहिले मत ऐकून आपल्याला राग येतो, दुसरे ऐकून छाती फुगते. पण ही दोन्ही मते मांडणाऱ्यांत एक गोष्ट समान असते. दोघांनीही पुरी झालेली भिंत पाहिलेली असते. ती भिंत सजण्याआधी कागदावर काय घडले, हे मात्र दोघांनीही पाहिलेले नसते.

या लेखात आम्हाला त्या कागदाविषयी लिहायचे आहे. चित्रात माणूस, घोडा किंवा झाड असेल तर चित्रकाराच्या मनात काय होते याचा अंदाज कोणीही बांधू शकतो. पण ज्या कलेत ओळखीचे काहीच नाही, नुसत्या रेषा, कोन आणि आकार आहेत, तिथे विचार शोधायचा कुठे? आमचे उत्तर असे की, तो कच्च्या रेखाटनात शोधावा. पुरी झालेली कलाकृती आपली वाट पुसून टाकते. कच्च्या कागदावर ती वाट शिल्लक असते.

खाका आणि नक्षी

मराठीत 'खाका' हा शब्द आपण सहज वापरतो. कामाचा खाका तयार करा, असे कचेरीतला साहेबही म्हणतो. फारसीत 'खाक' म्हणजे माती, धूळ. जुने कारागीर कागदावर आकृती काढत, तिच्या रेषांवर सुईने बारीक छिद्रे पाडत आणि तो कागद भिंतीवर, कापडावर किंवा दुसऱ्या कागदावर ठेवून त्यावर कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटत. भुकटी छिद्रांतून खाली उतरे आणि ठिपक्यांची आकृती उमटे. धुळीची ही आकृती म्हणजे खाका. 'नक्षी' आणि 'नकाशा' हे शब्दही एकाच अरबी 'नक्श'च्या घराण्यातले. मराठीने दोन्ही घेतले, पण त्यांची वाटणी केली. नक्षी शोभेची झाली आणि नकाशा विचाराचा. मूळ घरात मात्र हे दोघे वेगळे राहत नव्हते.

काही वर्षांपूर्वी मुंबईत जरीकामाच्या एका कारखान्यात जाण्याचा योग आला. माळ्यावर चार अड्डे मांडलेले, प्रत्येकाभोवती माणसे मांडी घालून बसलेली. एका कोपऱ्यात वयस्क उस्ताद ट्रेसिंग पेपरवर सुईने छिद्रे पाडत होते. मग त्यांनी रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीत बोळा बुडवला आणि कागदावरून फिरवला. कागद उचलताच खालच्या कापडावर आठ पाकळ्यांची आकृती उमटली. आम्ही विचारले, "चाचा, ये कागज बाद में कहाँ जाता है?" त्यांनी वरही न पाहता उत्तर दिले, "फट गया तो फेंक देते हैं. कागज का क्या काम, काम तो कपडे पर है."

त्यांचे म्हणणे धंद्याच्या दृष्टीने बरोबरच होते. खाका हा काम होईपर्यंतच कामाचा. तो फाटतो, मळतो, चुलीत जातो. म्हणूनच शतकांपूर्वीचा असा एखादा कागद हाती लागला तर त्याचे मोल फार मोठे ठरते.

तोपकापीची गुंडाळी

असा एक कागद इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्याच्या ग्रंथालयात आहे. कागदाचे ताव एकमेकांना चिकटवून केलेली ही गुंडाळी सुमारे ३३ सेंटिमीटर उंच आणि २९.५ मीटर लांब आहे. तिच्यावर ११४ आकृत्या आहेत. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात किंवा सोळाव्या शतकात, इराणच्या बाजूला, बहुधा तब्रीझच्या परिसरात ती तयार झाली असावी, असे अभ्यासक मानतात. तुर्की वंशाच्या कलेतिहासकार गुलरू नेजिपोग्लू यांनी १९९५ साली या गुंडाळीवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून जगभरच्या अभ्यासकांचे लक्ष तिच्याकडे गेले.

गुंडाळीवर काय आहे? विटा आणि टाइल्स यांच्यासाठी चांदण्या-बहुभुजांच्या जाळ्या आहेत. चौकोनी कूफी लिपीची रचना आहे. कमानींच्या आणि घुमटांच्या पोटात मधाच्या पोळ्यासारखी उतरत येणारी जी मुकरनस नावाची रचना असते, तिचे वरून पाहिल्यावर दिसतील असे आराखडे आहेत. काय नाही, तेही सांगितले पाहिजे. मापे नाहीत. कृती समजावणारा मजकूर नाही. हे पुस्तक शिकणाऱ्यासाठी नव्हते, ज्याला येते त्याच्यासाठी होते.

खरी गंमत डोळा कागदाजवळ नेल्यावर कळते. काळ्या आणि लाल शाईच्या रेषांखाली दुसऱ्याच रेषांचे जाळे आहे. ते शाईने काढलेले नाही. पोलादी टोकाने कागदावर नुसते ओरखडे काढलेले आहेत. वर्तुळे, कंस, केंद्रातून निघालेल्या त्रिज्या, एकमेकांना भिडलेले बहुभुज. उजेड तिरपा पडला तरच ते दिसतात. अभ्यासक त्यांना मृत रेषा म्हणतात. उस्तादाने आधी या रेषा आखल्या, त्यांच्या आधाराने नक्षीच्या रेषा ठरवल्या आणि मग फक्त नक्षी शाईने गिरवली. आधार तसाच कोरा राहिला.

ज्यांच्या शेजारी ठिपक्यांची रांगोळी निघते त्यांना हे समजायला अडचण पडू नये. आधी ठिपके, मग ठिपक्यांना सांभाळत फिरणारी रेषा. पाहणारा रेषेचे कौतुक करतो. काढणारीचे सगळे लक्ष ठिपक्यांच्या मोजणीत असते. फरक इतकाच की रांगोळीचे ठिपके दिसत राहतात, भिंतीवरच्या नक्षीचे ठिपके उरत नाहीत.

एका सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने पाहिलेले ओरखडे

असे ओरखडे भारतातही सापडले आहेत आणि ते ओळखणारा माणूस कलेचा अभ्यासक नव्हता. अर्नेस्ट हॅनबरी हँकिन हा इंग्रज सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आग्र्यात सरकारी नोकरीत होता. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात हे त्याचे १८९६ चे निरीक्षण वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. या माणसाला मोगल इमारतींवरच्या जाळ्यांचे वेड लागले. फत्तेपूर सिक्रीच्या एका हमामखान्यात गिलाव्यावरची नक्षी पाहत असताना त्याला नक्षीच्या रेषांबरोबरच अगदी पुसट, कोरलेल्या रेषा दिसल्या. त्या बहुभुजांच्या होत्या. रचना कशी आखली गेली याचे उत्तर कारागिराने नकळत भिंतीवरच ठेवले होते. हँकिनने १९०५ मध्ये आणि पुढे १९२५ साली पुरातत्त्व खात्याच्या एका पुस्तिकेत ही पद्धत मांडली.

पद्धत अशी. आधी पृष्ठभाग बहुभुजांनी भरून घ्यायचा. दहा बाजूंचा, पाच बाजूंचा, लांबट षटकोन, असे आकार कडेला कड लावून बसवायचे. मग प्रत्येक बाजूच्या मध्यबिंदूवर दोन रेषा फुलीसारख्या छेदतील अशा आखायच्या आणि त्या पुढच्या रेषांना मिळेपर्यंत वाढवायच्या. दशकोनाच्या पोटात आपोआप दहा टोकांची चांदणी तयार होते, पंचकोनात पाच टोकांची. शेवटी बहुभुज पुसून टाकायचे. उरते ती एकमेकींवरून-खालून जाणाऱ्या पट्ट्यांची जाळी. फारसीत या कामाला 'गिरिह' म्हणतात, म्हणजे गाठ. आपल्याकडच्या जुन्या कापडवाल्यांच्या गजात सोळा 'गिरह' असत. तो हाच शब्द.

येथे पहिल्या मताचे उत्तर मिळते. चांदणी काढायची म्हणून कोणी चांदणी काढत बसले नव्हते. चांदणी हा परिणाम होता. विचार त्याच्या आधीच्या पायरीवर झालेला होता: कोणते बहुभुज एकमेकांशेजारी फट न ठेवता बसतील, कोणता कोन धरला तर रेषा पुढच्या घरात नीट शिरेल, कडेला आल्यावर आकृती अर्धी तुटेल की पुरी होईल. गुंडाळीवर बहुतेक ठिकाणी आकृतीचा फक्त एक तुकडा काढलेला आहे. तो आरशातल्या प्रतिबिंबासारखा उलटत गेले की सगळी भिंत भरते. सगळी भिंत काढण्याची गरज ज्याला वाटत नाही, त्याने ती आधी डोक्यात पाहिलेली असते.

बंदीच्या मुद्द्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. ज्या तोपकापी ग्रंथालयात ही गुंडाळी आहे, त्याच ग्रंथालयात तैमूरी आणि तुर्कमान दरबारांतल्या चित्रांचे मोठाले संग्रह आहेत. त्यांत माणसे आहेत, घोडे आहेत, अजगर आहेत, देव-दानव आहेत. याच संग्रहांपैकी एकात हेरातच्या बायसुंगुर मिर्झाच्या कुतुबखान्यातून, म्हणजे ग्रंथ-कार्यशाळेतून, लिहिलेली पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातली एक अर्जदास्त आहे. कोण कोणत्या कामावर आहे याचा तो अहवाल आहे. एक जण चित्र पुरे करतो आहे, एक जण जिल्द बांधतो आहे. खोगिरासाठी एकाने नक्षी आखली, दुसऱ्याने ती उतरवली आणि आणखी काही जण ती शिंपल्यात जडवण्याच्या कामात आहेत. म्हणजे चित्र आणि नक्षी एकाच छपराखाली होत होते. जाळीकाम हा चित्र येत नसलेल्यांचा आसरा नव्हता. मशिदीच्या भिंतीवर काय यावे आणि काय येऊ नये याचा नियम होता, यात शंका नाही. पण नियमाने फक्त दार दाखवले. आतली वाट कारागिरांनी स्वतः शोधली.

हात आणि पोथी

हे काम करणारे भूमिती शिकलेले होते का? या प्रश्नाला दहाव्या शतकातला एक साक्षीदार आहे. अबुल वफा अल्-बूझजानी (९४०-९९८) हा बगदादचा मोठा गणिती. त्याने कारागिरांना लागणाऱ्या भूमितीच्या कृतींवर एक पुस्तक लिहिले. कारागीर आणि गणिती एकत्र बसलेल्या एका बैठकीची हकिगत त्यात आहे. तीन सारखे चौरस दिले आहेत, ते कापून एक मोठा चौरस करा, असा प्रश्न तेथे होता. गणित्यांना नव्या चौरसाची बाजू चटकन काढता आली, पण तुकडे कसे कापायचे ते सांगता येईना. कारागिरांनी तुकडे कापून दाखवले. ते डोळ्यांना बरोबर दिसत, पण पुराव्याला टिकत नव्हते. मग अबुल वफाने दोघांनाही पटेल असा मार्ग दाखवला. दोन चौरस कर्णावर कापायचे, मिळालेले चार त्रिकोण तिसऱ्याच्या चार बाजूंना लावायचे, बाहेर आलेले कोपरे कापून रिकाम्या जागी बसवायचे. चौरस तंतोतंत जुळतो.

या हकिगतीत आम्हाला गणितापेक्षा बैठक महत्त्वाची वाटते. बगदादमध्ये हातोडी धरणारा आणि लेखणी धरणारा एका सतरंजीवर बसून वाद घालत होते. पुढे पाच शतकांनी समरकंदमध्ये जमशीद अल्-काशी याने १४२७ साली आपला 'मिफ्ताह अल्-हिसाब' हा ग्रंथ पुरा केला, तेव्हा त्यातही मुकरनसचे पृष्ठफळ कसे काढावे याचा भाग घातला. उलुग बेगाच्या वेधशाळेतला हा खगोलगणिती गवंड्याच्या कामाला हलके मानत नव्हता.

मुकरनसचाही एक खाका टिकला आहे आणि तो कागदावर नाही. इराणमधल्या तख्त-ए-सुलेमान येथे मंगोल इलखान अबाका याने १२७० च्या दशकात राजवाडा उभारला होता. तेथील उत्खननात सुमारे अर्धा मीटर लांबी-रुंदीची गिलाव्याची एक फरशी सापडली. तिच्यावर चौकोन, समभुज आणि त्रिकोण यांचे जाळे कोरलेले आहे. पाहणाऱ्याला ती साधी नक्षी वाटेल. वस्तुतः तो मुकरनसचा आराखडा आहे. उंचीचा उल्लेख नाही, थर किती ते लिहिलेले नाही. सपाट रेषांवरून कोणता तुकडा कोणत्या थरावर येतो ते गवंड्याने ओळखायचे. आजही अभ्यासक त्या एका फरशीवरून छत पुन्हा उभे करण्याचे वेगवेगळे मार्ग सुचवतात. यावरून लक्षात येईल की खाका हा विचाराचा अर्धा भागच असतो. उरलेला अर्धा तो वाचणाऱ्याच्या हातात असतो आणि उस्तादाबरोबर जातो.

घरचा अभिमान आणि कागदाची साक्ष

आता दुसऱ्या मताकडे वळू. फेब्रुवारी २००७ मध्ये 'सायन्स' या अमेरिकन नियतकालिकात पीटर लू आणि पॉल स्टाइनहार्ट यांचा लेख आला. इस्फहानच्या दर्ब-ए-इमाम या दर्ग्यावरची १४५३ ची नक्षी पाच प्रकारच्या बहुभुजी तुकड्यांनी रचलेली आहे आणि ती रॉजर पेनरोझ यांनी १९७० च्या दशकात शोधलेल्या, कधीच तंतोतंत पुनरावृत्ती न होणाऱ्या रचनांच्या अगदी जवळ जाते, असे त्यांनी दाखवले. त्यांच्या पुराव्यांत तोपकापीच्या गुंडाळीवरची एक आकृती होती. तिच्यात मोठी नक्षी आहे, तिच्या पोटात लहान नक्षी आहे आणि लाल ठिपक्यांनी त्या बहुभुजांच्या कडा दाखवल्या आहेत. पुढे २०११ साली डॅन शेख्तमन यांना अशाच रचनेच्या स्फटिकांच्या शोधाबद्दल रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा इस्फहानची नक्षी पुन्हा बातम्यांत आली. आपल्याकडेही बातमी पोचली आणि तिचे रूप बदलत गेले. नोबेल मिळवणारा शोध मुसलमानांनी आधीच लावला होता, असे भाषणांतून ऐकू येऊ लागले.

आम्हालाही ते ऐकून आनंद झाला होता, हे कबूल केले पाहिजे. पण कागद काय म्हणतो ते पाहू. गुंडाळीवरच्या आकृत्या तुकडा काढून तो उलटत-पालटत भिंत भरण्यासाठी आहेत, हे वर आलेच आहे. म्हणजे उस्तादांचे सारे मन पुनरावृत्तीत गुंतलेले होते. पुनरावृत्ती टाळणारी अनंत रचना त्यांना हवी होती, असे दाखवणारी एकही खूण नाही. पीटर क्रॉमवेल यांच्यासारख्या गणितज्ञांनीही २००९ मध्ये हेच मांडले, की या नक्ष्यांचे स्पष्टीकरण कारागिरांच्या परंपरागत पद्धतींनी पुरेसे होते. त्यांच्यावर विसाव्या शतकाचे गणित लादण्याचे कारण नाही.

यात कोणाला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. लाल ठिपक्यांनी जे सिद्ध होते ते लहान नाही. एका नक्षीच्या पोटात दुसरी, त्याच नियमाने पण लहान मापावर बसवण्याची युक्ती त्यांना ठाऊक होती आणि ती त्यांनी जाणीवपूर्वक वापरली. हे त्यांचे स्वतःचे कर्तृत्व आहे. त्यांना पेनरोझचे पूर्वज ठरवले की आपण त्यांच्या कामाची किंमत दुसऱ्याच्या तराजूत करतो. आपल्या माणसाला मोठा म्हणण्यासाठी परदेशी प्रमाणपत्राची वाट पाहायची, ही सवय सोडायला हवी.

तिसरेही एक मत आहे. प्रत्येक चांदणी तौहीदचे प्रतीक आहे, मध्यबिंदू म्हणजे एकत्व आणि किरण म्हणजे सृष्टी, असे अनेक सुंदर ग्रंथांतून लिहिलेले असते. श्रद्धावंताला नमाजच्या वेळी तसे वाटले तर तो त्याचा अनुभव आहे आणि आम्ही त्याचा आदर करतो. पण गुंडाळीवर हे कोठेही लिहिलेले नाही. तेथे कंपासाच्या टोकाचे भोक आहे. इतिहास लिहिताना आपण त्या भोकापाशी थांबावे, असे आम्हाला वाटते.

म्युनिकचे चार दिवस

कच्च्या कागदाचे हे महत्त्व केवळ आपल्या कलेपुरते नाही. युरोपातल्या अमूर्त चित्रकलेवरही असाच आरोप होतो की, हे तर आमचे पोरही काढील. रशियन चित्रकार वासिली कांडिन्स्की यांचे 'कॉम्पोझिशन ७' हे दोन मीटर उंच, तीन मीटर रुंद चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे. पाहिले तर रंगांची उसळी. हे चित्र त्यांनी म्युनिकमध्ये नोव्हेंबर १९१३ च्या अखेरीस चार दिवसांत रंगवले. त्यांची सहचारिणी गाब्रिएले म्युंटर यांनी त्या दिवसांत टप्प्याटप्प्याने फोटो काढून ठेवले. चार दिवस म्हटले की पोरखेळाचा आरोप खरा वाटू लागतो. पण त्या आधी तीसहून अधिक रेखाटने आणि कच्ची चित्रे झालेली होती. ती ओळीने लावली की प्रलय, कयामत आणि पुनरुत्थान हे विषय दिसू लागतात. आधीच्या कामांत वल्ह्यांची नाव आहे, तुतारी फुंकणारा फरिश्ता आहे. पुढच्या कागदांवर नाव नुसती वाकलेली रेषा होते, वल्ही दोन-चार फटकारे होतात. अखेरच्या चित्रात त्यांना ओळखणेही कठीण. नाझींच्या काळात ही कामे म्युंटरबाईंनी मुरनाऊच्या आपल्या घरात लपवून ठेवली आणि १९५७ साली म्युनिकच्या लेनबाखहाउस संग्रहालयाला दिली. त्या बाईंनी हे केले नसते तर त्या चार दिवसांचा अर्थ आज आपल्याला लागला नसता.

१९१० साली याच म्युनिक शहरात इस्लामी कलेचे एक प्रचंड प्रदर्शन भरले होते. मातीस ते पाहायला आले होते आणि कांडिन्स्की यांनी तेथील इराणी लघुचित्रांविषयी एका रशियन मासिकात भारावून लिहिले. म्हणून कांडिन्स्की आमच्यामुळे अमूर्त झाले, असे आम्ही म्हणणार नाही. त्यांचा मार्ग तर उस्तादांच्या उलटा होता. उस्ताद रचनेपासून निघून नक्षीकडे गेला आणि रचना पुसली; कांडिन्स्की कथेपासून निघाले आणि कथा झाकली. जे पुसले किंवा झाकले ते दोन्हीकडे कच्च्या कागदावरच राहिले.

किहीमचा किनारा

आपल्या जवळचेही एक उदाहरण आहे. नसरीन मोहम्मदी यांचा जन्म १९३७ साली कराचीत झाला. कुटुंब मुंबईत आले. लंडन आणि पॅरिसला शिक्षण घेऊन त्या परतल्या आणि १९७२ पासून बडोद्याच्या कलाशाखेत शिकवत राहिल्या. अलिबागजवळच्या किहीम येथे १९९० साली त्यांचे निधन झाले. वास्तुविशारद वापरतात तसली आखणीची अवजारे घेऊन त्यांनी पेन आणि पेन्सिलने कागदावर रेषा काढल्या. चित्रांना नावे नाहीत, बहुतेकांवर तारखा नाहीत. हाताचे स्नायू साथ सोडू लागलेल्या आजारातही त्यांची रेषा थरथरली नाही. हयातीत त्यांची प्रसिद्धी मर्यादित होती. २०१६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आपली नवी शाखा उघडताना पहिल्या प्रदर्शनांत त्यांना स्थान दिले.

त्यांच्या रेषांमागे काय आहे? त्यांच्या मागे दैनंदिन्या राहिल्या आणि फोटो राहिले. फोटो त्यांनी हयातीत प्रदर्शनात मांडले नाहीत. त्यांत ओल्या वाळूवरच्या लाटांच्या खुणा आहेत, मागावर ताणलेले धागे आहेत, रस्त्यावरचे पट्टे आहेत आणि फत्तेपूर सिक्रीचे दगडही आहेत. दैनंदिनीची काही पाने त्यांनी शाईच्या पट्ट्यांनी झाकून त्यांचीच रचना केली आहे. ही त्यांच्या चित्रांची थेट पूर्वरेखाटने नव्हेत, हे खरे. तरी डोळा कोणत्या शाळेत शिकला ते त्यांवरून कळते. ज्या सिक्रीत हँकिनने गिलाव्यावरचे ओरखडे वाचले, तिथेच पाऊण शतकानंतर एक मुसलमान बाई कॅमेरा घेऊन दगडातल्या रेषा पाहत होती. तिला परंपरेची वारसदार म्हणायचे की आधुनिक चित्रकार, यावर समीक्षक वाद घालतात. आम्हाला तो वाद अनावश्यक वाटतो. ती पाहत होती, एवढे पुरेसे आहे.

आपल्या पेटीतले कागद

बीबी का मकबऱ्याला आपल्यापैकी बहुतेकांनी भेट दिली असेल. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील ही वास्तू १६६० च्या सुमारास पुरी झाली. बीबीच्या कबरीभोवती संगमरवराच्या जाळ्या आहेत. आपण त्या पाहतो, फोटो काढतो आणि ताजमहालची नक्कल म्हणून निघून येतो. प्रवेशद्वारावर दोन नावे आहेत: वास्तुकार अताउल्ला आणि बांधकामाचा जाणकार हंसपत राय. अताउल्ला हा ताजमहालशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. एक मुसलमान, एक हिंदू, एका दारावर. पण जाळी कापणाऱ्या संगतराशांची नावे दारावर नाहीत.

ही नावे गेली, कारण कारागिराचे नाव जपावे असे कोणाला वाटले नाही. या बाबतीत दोष फक्त परक्यांवर टाकता येणार नाही. आपल्याही समाजात हाताने काम करणाऱ्याला खालचे मानण्याची रीत जुनी आहे. खानदान सांगताना आपण इराण-तुराणचे सरदार शोधतो. आजोबा सुतारकाम करत होते, रंगारी होते, जरीवर बसत होते, हे दबक्या आवाजात सांगतो. अबुल वफाच्या सतरंजीवर कारागीर गणित्याशेजारी बसला होता. आपण त्याला तिथून उठवले.

त्या कारखान्यातून निघताना आम्ही उस्तादांकडे फाटलेल्या खाक्यांचा एक गठ्ठा मागून घेतला. त्यांना हसू आले, पण त्यांनी तो दिला. घरी येऊन एक कागद उजेडावर धरला. छिद्रांच्या रांगांबरोबर पेन्सिलच्या पुसट खुणा दिसल्या. आधी एक वर्तुळ, त्याचे आठ भाग, एका भागात तीन वेळा बदललेली पाकळी. तिसऱ्या वेळी ती शेजारच्या पाकळीला बरोबर भिडली होती आणि फक्त तिच्यावरच छिद्रे पाडलेली होती. पहिल्या दोन तशाच सोडलेल्या. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेला तो माणूस कागदावर काय करत होता, याला विचार म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

आमची वाचकांना एवढीच विनंती आहे. घरात वडीलधाऱ्यांची एखादी जुनी पेटी असेल, तिच्यात मेंदीचे, भरतकामाचे, लाकडाच्या जाळीचे, कबरीच्या शिळेवरच्या अक्षरांचे कच्चे कागद असतील, तर ते रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उजेडावर धरून पाहावेत. कोणाचे आहेत ते मागच्या बाजूला लिहावे. नाव, गाव, धंदा आणि साल. आपला इतिहास दुसऱ्यांनी चुकीचा लिहिला अशी तक्रार आपण करतो. पण त्याचे कितीतरी कागद आपल्याच घरात न वाचलेले पडून आहेत.